व्हिटसंडे बेटांमध्ये दोघांनीच शिडाची नौका चालवत आठवडाभर फिरायचे आहे. आराखडा फार भरगच्च होतो आहे का?

यारा_काठ:
नमस्कार. मी आणि माझी पत्नी मेलबर्नला राहतो. क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळील व्हिटसंडे बेटांमध्ये नौका भाड्याने घेऊन, कप्तान सोबत न घेता, आठवडाभर स्वतःच फिरावे असा आमचा विचार आहे. पोर्ट फिलिप उपसागरातील क्लबच्या शर्यतींमध्ये मी बराच काळ खलाशी म्हणून भाग घेतला आहे, परंतु नांगर टाकून रात्र नौकेवर काढण्याचा अनुभव मला नाही. पत्नीला समुद्राची आवड आहे, मात्र खोल पाण्यात पोहण्याचा तिला आत्मविश्वास नाही. तिकडे भाड्याच्या नौकेसाठी परवाना लागत नाही हे समजल्यावर आनंदाइतकीच धास्तीही वाटली.

एर्ली बीचहून निघून हूक बेट, हेमन बेट, बाहेरची ग्रेट बॅरियर रीफ, व्हाइटहेवन किनारा, हॅमिल्टन बेट आणि जमल्यास दक्षिणेकडची लिंडमन बेटे, असा क्रम मी नकाशावर मांडला आहे. हे एका आठवड्यात बसेल का? जुलैमध्ये जावे की सप्टेंबरमध्ये? आणि एकच कवच असलेली नौका घ्यावी की कॅटामरान, म्हणजे दोन कवचांची?

उधाण_भांग:
नकाशावर अंतरे खरोखरच लहान दिसतात आणि एर्ली बीचहून हूक बेटाच्या नारा इनलेटमध्ये तीन-चार तासांत पोहोचता येते. पण या बेटांमध्ये वेळ अंतरावरून ठरत नाही. तो भरती-ओहोटी आणि वारा ठरवतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, इथे पाणी तीन ते चार मीटर चढते-उतरते. ७४ बेटांमधल्या अरुंद वाटांतून एवढे पाणी सहा-सहा तासांनी ये-जा करत असल्यामुळे प्रवाहाला चांगलाच जोर असतो. व्हिटसंडे पॅसेजमध्ये भरतीचे पाणी दक्षिणेकडे आणि ओहोटीचे उत्तरेकडे वाहते, तर साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत व्यापारी वारा आग्नेयेकडून वाहतो. त्यामुळे भरती चालू असताना पाणी वाऱ्याच्या विरुद्ध जाते आणि उभ्या, आखूड लाटा उठतात. त्याच वाऱ्यात ओहोटीच्या वेळी तीच जागा बरीच सुसह्य असते. व्हाइटहेवनच्या दक्षिणेकडील सोलवे पॅसेज तर प्रवाह मंदावल्यावरच ओलांडावा.

आपल्या यादीतून बाहेरची रीफ काढून टाका, कारण बहुतेक कंपन्या कप्तान नसलेल्या नौकांना तिथे जाऊच देत नाहीत. ती पाहायचीच असेल, तर एर्ली बीचहून किंवा हॅमिल्टनहून वेगवान बोटीची दिवसभराची सहल करावी. लिंडमन बेटेही या वेळी राहू द्यावीत. आग्नेय वाऱ्यात तिकडे जाताना वारा सतत तोंडावर घ्यावा लागतो.

उरलेल्या ठिकाणांपैकी हूक बेटाला माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा. नारा इनलेट लांब आणि अरुंद आहे, डोंगरांमुळे तिथे पाणी शांत राहते आणि पहिल्या रात्रीच्या नांगरासाठी तीच जागा योग्य आहे. तिथल्या छोट्या पायवाटेने वर गेल्यावर न्गारो लोकांची शैलचित्रे असलेला खडकाचा आडोसा लागतो. झाडाच्या सालींच्या होड्यांतून या बेटांमध्ये फिरणाऱ्या या दर्यावर्दी समाजाचा इथला वावर सुमारे ९००० वर्षांपासूनचा आहे. पर्यटक बहुतेक किनाऱ्यांपुरतेच येतात आणि ही जागा गाळतात, याचे मला नेहमी नवल वाटते. उत्तरेकडील बटरफ्लाय बे आणि मँटा रे बे आग्नेय वाऱ्यापासून सुरक्षित आहेत. फक्त डोंगरावरून अचानक खाली येणाऱ्या झोतांची तयारी ठेवावी. २०१७ च्या मार्चमधील डेबी चक्रीवादळाने तिथल्या प्रवाळाचे मोठे नुकसान केले, म्हणून जुन्या छायाचित्रांवर विसंबू नये. हेमन बेटावरचे रिसॉर्ट खासगी आहे, पण पश्चिमेकडील ब्लू पर्ल बे आपल्याला पुरेशी आहे.

सात किलोमीटर लांबीच्या व्हाइटहेवनची पांढरी वाळू जवळजवळ शुद्ध सिलिकाची आहे. हिल इनलेटमधील वाळूची वळणे उंचावरून पाहायची असतील, तर नौका टंग बेमध्ये बांधून डिंगीने, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीने, किनाऱ्यावर उतरावे लागते. अडचण अशी की वळणे उत्तम दिसतात ओहोटीला, आणि पूर्ण ओहोटी झाली की टंग बेचा कडेचा खडक उघडा पडून डिंगी अडकते. म्हणून पूर्ण भरतीनंतर दोनेक तासांनी उतरावे आणि पाणी तळाला जाण्याआधी परतावे.

नांगराचा हिशेब नेहमी भरतीच्या पाण्यावर करावा. ओहोटीला ५ मीटर खोली असेल तर भरतीला ती ८.५ मीटरपर्यंत जाईल. नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची १ मीटर उंची मिळवून येणाऱ्या ९.५ मीटरच्या पाचपट, म्हणजे ४७-४८ मीटर साखळी सोडावी. कंपन्या दुपारी चारपर्यंत नांगर टाकून स्थिर होण्याची अट घालतात, आणि उन्ह तिरपे झाल्यावर पाण्याखालचा प्रवाळ दिसत नाही हे पाहता ती रास्त आहे.

शिडवाली:
वरील सल्ला उत्तम आहे. मी फक्त आपल्या पत्नीच्या बाजूने लिहिते. दोघांच्याच नौकेवर एक चालक आणि एक प्रवासी अशी विभागणी चालत नाही. आपण पाण्यात पडलात तर इंजिन सुरू करणे, शीड उतरवणे, नौका वळवून आपल्याजवळ आणणे आणि रेडिओवरून मदत मागणे ही चारही कामे त्यांना एकटीने करता आली पाहिजेत. कंपनीचे लोक नौका ताब्यात देताना काही तास माहिती देतात, तेव्हा सुकाणूवर आधी त्यांना उभे करावे. पोहता न येणे हा अडसर नाही, मात्र डेकवर आणि डिंगीत जीवरक्षक जाकीट अंगावर असलेच पाहिजे.

नांगर टाकताना एक जण पुढे आणि एक मागे असतो, त्यामुळे इंजिनच्या आवाजात ओरडण्यापेक्षा हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. खाडीत सायंकाळी जे दांपत्यकलह ऐकू येतात, त्यांतले निम्मे याच एका कामावरून झालेले असतात.

व्हिटसंडे बेटाजवळचे सिड हार्बर नांगरासाठी अतिशय सुरक्षित असले तरी तिथे पाण्यात उतरू नये. २०१८ मध्ये तिथे शार्कचे तीन हल्ले झाले आणि त्यांपैकी एकात मृत्यू झाला. नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशमुळे अंगभर पोशाख घालूनच पोहावे लागते. त्या दृष्टीने जुलै आणि सप्टेंबर दोन्ही बरे आहेत.

कोकणी_गलबत:
माझ्या मते सप्टेंबर निवडावा. जुलैमध्ये वारा २० नॉटच्या वर दिवसेंदिवस टिकू शकतो आणि जोरदार वाऱ्याचा इशारा असला की कंपनी आपल्याला खाडीतच थांबवते. सप्टेंबरमध्ये वारा मवाळ होतो आणि पिल्लांसह परतणारे हंपबॅक देवमासेही दिसतात. त्यांच्यापासून इथे ३०० मीटर दूर राहणे बंधनकारक आहे. मात्र त्या सुमारास अधूनमधून उत्तरेचा वारा सुटतो आणि मग वर सांगितलेली बटरफ्लाय बे उघडी पडते. अशा वेळी दक्षिणेकडे तोंड असलेल्या नारा किंवा मकोना इनलेटमध्ये परतावे.

नौकेबाबत आपण कॅटामरान घ्यावी. वाऱ्याकडे चढताना ती आळशी असते आणि भाडेही जास्त पडते, पण दोन इंजिनांमुळे ती जागच्या जागी वळते आणि व्हाइटहेवनसारख्या हेलकाव्याच्या जागी झोप लागू देते. पहिल्या दिवसासाठी कंपनीकडून प्रशिक्षक घ्यावा असेही मी सुचवेन. आपल्याला शर्यतीचा अनुभव आहे. प्रवाळात नांगर टाकणे ही त्याहून वेगळी विद्या आहे.

उधाण_भांग:
प्रशिक्षकाबद्दल मी सहमत आहे. कॅटामरानबद्दल नाही, शर्यतीत सुकाणू हाताळलेल्या माणसाला ती दोन दिवसांत कंटाळवाणी वाटेल.

यारा_काठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता सप्टेंबर, पहिल्या दिवशी प्रशिक्षक, नारामध्ये दोन रात्री, हूकच्या उत्तरेला दोन, मग व्हाइटहेवन आणि शेवटी हॅमिल्टन असे ठरवतो आहे. कॅटामरानचा निर्णय मी पत्नीवर सोपवला असून तिचे मत जवळपास झालेलेच आहे. एकच शंका उरते: तारखा उधाणाच्या निवडाव्यात की भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते त्या दिवसांच्या?

उधाण_भांग:
भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या. हिल इनलेटची वाळू थोडी कमी उघडी पडेल, पण प्रवाह सौम्य राहतील आणि नांगराच्या हिशेबात थोडी चूक झाली तरी निभावेल. मात्र आरक्षणाचे पैसे भरण्यापूर्वी त्या आठवड्याचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून टंग बेच्या दिवशी पूर्ण भरती सकाळी आठ-नऊच्या सुमारास येते का, हे तपासून घ्यावे. ती दुपारी येत असेल, तर उतरून परत येईपर्यंत नांगराची चारची वेळ उलटून जाते.