परागकणांची ॲलर्जी आणि ॲक्युपंक्चर

प्रश्न : मी चार वर्षांपासून जर्मनीत राहते. वसंतात बर्चच्या झाडांना तुरे आले, की सकाळी उठल्याबरोबर शिंकांची सरबत्ती सुरू होते आणि डोळे चोळून लाल होतात. गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून ॲक्युपंक्चर करून पाहावे काय?

उत्तर १ : चिनी वैद्यकाच्या मते फुप्फुस, प्लीहा व मूत्रपिंड यांचे बळ उणे पडले, की शरीराचे बाह्य संरक्षण ढिले होते, म्हणून नाकपुडीलगतच्या ‘यिंगश्यांग’ आणि अंगठा व तर्जनी यांमधल्या ‘हेगू’ या बिंदूंवर सुया टोचतात. जर्मनीतच ४२२ रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८ आठवड्यांत १२ वेळा उपचार केल्यावर त्रास आणि गोळ्यांची गरज दोन्ही कमी झाली. मात्र लटक्या ॲक्युपंक्चरच्या (म्हणजे तुलनेसाठी भलत्याच जागी वरवर सुया टोचण्याच्या) तुलनेत हा फरक लहान होता आणि १६व्या आठवड्यापर्यंत तो उरला नाही.

उत्तर २ : मी हे उपचार घेतले आहेत. केसासारखी बारीक सुई टोचताना दुखत नाही, नाकाजवळ मात्र डोळ्यांत टचकन पाणी येते. सुया एकदाच वापरायच्या आहेत, याची खात्री करून घ्या.

उत्तर ३ : ॲक्युपंक्चरच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या चिनी काढ्यांबाबत मात्र कळकळीने सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यांतल्या ‘मा ह्वांग’ (एफेड्रा) या वनस्पतीने रक्तदाब वाढतो, आणि ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींमुळे १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. गुंगी न आणणाऱ्या गोळ्या आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा मिळतो, त्याविषयी आधी विचारा. दमा असेल, तर इनहेलर मुळीच थांबवू नका.