खाडीत नवख्यांचा कयाक गट: भरती 10:40 ला, निघायचं कधी?

काठपाणी:
आठ जण आहोत, त्यातले पाच पहिल्यांदाच कयाकमध्ये बसणार. चार सिंगल, दोन डबल, सगळ्या सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर बसायच्या). मुखाजवळच्या धक्क्यावरून चार किलोमीटर आत जायचं आणि तिथेच परत यायचं. वाटेत खारफुटी आणि चिखलाची दोन मोठी मैदानं आहेत, तिथे पक्षी भरपूर. तक्त्यात मुखाशी पूर्ण भरती 10:40 ला, चढ-उतार साधारण तीन मीटर. किती वाजता निघावं? आणि पक्ष्यांना न उठवता ते नीट कसे पाहता येतील?

उधाणभांग:
भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर. 8:00 ते 8:15 च्या दरम्यान पाण्यात उतरा.

हिशोब बारा भागांचा. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 भाग चढतं. तीन मीटरचा बारावा भाग 25 सेंटीमीटर, म्हणजे मधल्या दोन तासांत दर तासाला 75 सेंटीमीटर. प्रवाहाचा जोरही तेव्हाच सर्वांत जास्त. 8:10 ला निघालात तर तो जोर ओसरू लागलेला असतो, तरी पाठीमागून ढकलत राहतो. नवखा माणूस संथ पाण्यात ताशी चारेक किलोमीटर जातो. थांबत, पाहत गेलात तरी 10 च्या सुमारास वळणाच्या जागी पोचाल.

तिथे घड्याळाकडे पाहून लगेच फिरू नका. खाडीत आत पूर्ण भरती मुखापेक्षा उशिरा येते. किती, ते खाडीच्या लांबीवर आणि उथळपणावर ठरतं. पाण्यावर तरंगणारं पान थांबलं की फिरा. 11:15 च्या पुढे मात्र रेंगाळू नका: 12:40 पासून ओहोटीचा खरा जोर सुरू होतो आणि दुपारकडे समुद्रावरचा वाराही वाढतो. वारा आत, पाणी बाहेर अशी गाठ पडली की आखूड, उभ्या लाटा उठतात. नवख्यांची दमछाक होते ती तिथेच.

तारीख बदलता येत असेल तर अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, निवडा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह बराच जास्त असतो.

मागचं वल्हं:
वेळ बरोबर. गटाबद्दल थोडं सांगतो. सर्वांत अनुभवी माणूस पुढे नको, मागे हवा, कारण पुढच्याला मागचा उलटलेला दिसत नाही. पुढे वाट माहीत असलेला. वेग सर्वांत हळू असलेल्याचा. डबलमध्ये जड आणि सराईत माणूस मागच्या सीटवर.

लाइफ जॅकेट पाण्यात उतरण्याआधी खांद्यांवरून वर ओढून बघा. कानांपर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत. प्रत्येकाला शिट्टी. गटाकडे एक जादा वल्हं, पंधरा मीटरची टो लाइन (दुसरी कयाक ओढायची दोरी), ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) फोन. कयाक उलटली तर ती सोडायची नाही. ती सरळ करायची, मधोमध पोट आडवं टाकून पाय मारत वर यायचं. हे धक्क्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकाकडून एकदा करून घ्या.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे नांगरलेल्या होड्या, पुलाचे खांब आणि जाळ्यांचे खुंट. प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूने त्यांच्याजवळ जाऊ नका. पाणी कयाकला आडवं करून त्यावर दाबतं. आदळलातच तर अडथळ्याच्या *दिशेने* झुका. घाबरून लांब झुकलं की प्रवाहाकडची कड बुडते आणि कयाक क्षणात उलटते.

तुतारीवाला:
पक्ष्यांसाठी जातानाचा पहिला तासच मोलाचा. मैदानं अजून थोडी उघडी असतात आणि चढतं पाणी चरणाऱ्या पक्ष्यांना काठाकडे सरकवत आणतं. वल्हं आडवं ठेवा आणि तिरके वाहत जा, थेट त्यांच्या रोखाने नाही. शंभर मीटरवर थांबा, दुर्बीण काढा. चरणं थांबलं, माना वर झाल्या, थवा एकवटू लागला, की आधीच जास्त जवळ आलात. उडण्याची वाट न बघता मागे व्हा. सहा कयाक पसरून गेल्या तर थव्याला वेढा पडल्यासारखं होतं, म्हणून एका बाजूला, एकत्र राहा.

पूर्ण भरतीला हेच पक्षी उरलेल्या थोड्या कोरड्या जागेवर दाटीने विसावतात. तिथे अजिबात जाऊ नका. स्थलांतर करणाऱ्यांना साठवलेली चरबी पुढच्या उड्डाणासाठी लागते, आणि उठवलं तर बसायला दुसरी जागा नसते. जेवणाचा थांबा ठरवताना हे आधी बघा.

काठपाणी:
धन्यवाद, 8:10 पक्कं. परतताना एखादा चिखलावर टेकला तर?

उधाणभांग:
खाली उतरायचं नाही, चिखल मांडीपर्यंत ओढतो. वजन पुढे-मागे हलवत वल्ह्याने मागे रेटा. ओहोटीत पाच मिनिटांचा उशीरही महाग पडतो. पाय अडकलाच तर उभं राहून उपसू नका. कयाकवर छाती टेकवून वजन पसरा आणि पाय हलवत हळूहळू सोडवा. आणि धक्का एकदा पूर्ण ओहोटीला जाऊन बघून या: 12:30 ला तिथे पाणी असेल, पण उशीर झाला तर किती चिखल तुडवावा लागेल ते आधी कळेल.