सल्ला हवा आहे : सव्वा लाखाच्या आत सी ट्रम्पेट कोणता घ्यावा? (पुणे)

मंद्रषड्ज

नमस्कार. मी पुण्यात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेत आहे आणि गेली काही वर्षे बी फ्लॅट ट्रम्पेट वाजवत आहे. पुढच्या वर्षी परदेशातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी चाचणी देण्याचा विचार असून, ऑर्केस्ट्रातील उतारे सी ट्रम्पेटवर तयार करावेत असे माझ्या शिक्षकांनी सुचवले आहे. घरचे देतील ते आणि माझ्या शिकवण्यांचे मिळून सव्वा लाख रुपये जमतील. त्याहून अधिक सध्या शक्य नाही. तीस-चाळीस हजारांत अपरिचित नावांचे नवे सी ट्रम्पेट ऑनलाइन विकले जातात. ते घ्यावेत की चांगल्या नावाचे जुने वाद्य शोधावे? सी आणि बी फ्लॅट असे दोन्ही होणारे वाद्य घेऊन सध्याचा ट्रम्पेट विकला तर चालेल का? त्यासाठी वेगळा माउथपीस लागतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पितळी सूर

तुमच्या शिक्षकांचा सल्ला योग्य आहे, परंतु तो कोणत्या देशासाठी दिला आहे हे आधी विचारून घ्या, कारण अर्धा निर्णय त्यावरच ठरतो. अमेरिकेतील आणि फ्रान्समधील ऑर्केस्ट्रांत पिस्टनचा (खाली दाबायच्या दट्ट्यांचा) सी ट्रम्पेट हे रोजचे वाद्य आहे. ब्रिटनमध्ये बी फ्लॅटची परंपरा मजबूत आहे, तर जर्मनीत रोटरी व्हॉल्वच्या (फिरणाऱ्या झडपांच्या) बी फ्लॅट ट्रम्पेटला प्राधान्य असते. केवळ जर्मनी किंवा ब्रिटनचा विचार असेल, तर मी आज सी ट्रम्पेटवर एक रुपयाही खर्च करणार नाही. ते पैसे शिकवणीवर आणि प्रवासावर खर्च करीन.

अमेरिका किंवा फ्रान्स असेल तर मात्र घ्या, आणि नवा स्वस्त घेण्यापेक्षा चांगल्या नावाचा वापरलेला घ्या. या मताबद्दल माझ्या मनात जराही संदेह नाही. त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण दुकानदार ते सांगत नाहीत.

आपल्याकडच्या पट्टीच्या भाषेत, बी फ्लॅट ट्रम्पेटवर व्हॉल्व न दाबता ‘सा’ वाजवला तर तो काळी पाचचा येतो आणि सी ट्रम्पेटवर पांढरी एकचा. नळीची लांबी बी फ्लॅटमध्ये सुमारे १४८ सेंटिमीटर असते, ती सीमध्ये सुमारे १३२ सेंटिमीटरवर येते. आवाज थोडा उजळ होतो आणि स्वर नेमका उचलता येतो. पण वाद्य जितके आखूड तितक्या घडणीतल्या लहानसहान चुका ठळक ऐकू येतात. सी ट्रम्पेटची सर्वांत अवघड जागा म्हणजे स्वरपटाच्या वरच्या भागातले डी, ई फ्लॅट आणि ई हे स्वर. हे तिन्ही पाचव्या हार्मोनिकवर (बोटे न बदलता ओठांच्या ताणाने निघणाऱ्या स्वरमालिकेतल्या पाचव्या स्वरावर) येतात, आणि पाचवा हार्मोनिक पियानोच्या समान पट्टीपेक्षा निसर्गतःच १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरलेला असतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. ख्याल ऐकताना आपल्याला तो अतिशय गोड वाटतो, परंतु पियानोच्या साथीला तोच स्वर उतरलेला लागतो.

चांगले कारखाने नळीचा निमुळतेपणा आणि घंटेचा (पुढच्या पसरट तोंडाचा) आकार सांभाळून हा दोष पुष्कळ कमी करतात, तरी तो पूर्णपणे जात नाही. म्हणून वादक ई स्वर पहिला आणि दुसरा व्हॉल्व दाबून, तर ई फ्लॅट दुसरा आणि तिसरा दाबून काढतात. तेव्हा तो सहाव्या हार्मोनिकवर येतो आणि चढा लागतो. स्वस्त वाद्यात हा दोष इतका असतो की बोटे बदलूनही स्वर जागेवर येत नाही. मग ओठांनी ताणून तो वर चढवण्याची सवय लागते, आणि ती सवय पुढे चांगल्या वाद्यावरही सुटत नाही. विद्यार्थ्याचे खरे नुकसान होते ते इथे. पैसे पुन्हा मिळवता येतात.

आता पर्याय. तुमच्या रकमेत माझी पहिली पसंती वापरलेल्या यामाहा वायटीआर-४४३५ ला. हे मधल्या दर्जाचे वाद्य असून त्याच्यासोबत सी आणि बी फ्लॅट या दोन्हींच्या स्लाइड (आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्या) मिळतात. जुने वाद्य घेताना दोन्ही संच पूर्ण आहेत ना, हे मोजून पाहा. केवळ मुख्य स्लाइड बदलून काम भागत नाही: व्हॉल्वच्या स्लाइडही त्या प्रमाणात लांब लागतात, नाहीतर दोन-तीन व्हॉल्व एकत्र दाबल्यावर स्वर चढे येतात. तरीही सध्याचा बी फ्लॅट विकू नका असेच मी म्हणेन, कारण एका चाचणीत दोन्ही वाद्ये लागली तर मध्येच सगळ्या स्लाइड काढून बसवणे शक्य नसते.

बाख स्ट्रॅडिव्हेरियस सी१८० हे अमेरिकी ऑर्केस्ट्रांत वर्षानुवर्षे प्रतिष्ठित असलेले वाद्य. त्यातही २२९ क्रमांकाची घंटा आणि २५एच लीडपाइप (माउथपीस बसतो ती पहिली नळी) ही जोडी सर्वपरिचित आहे. नवे घ्यायचे तर ते तुमच्या रकमेच्या कितीतरी पुढे जाते. जुने, लॅकर (वरचा चकचकीत थर) उडालेले वाद्य क्वचित आवाक्यात येते. लॅकर गेल्याने वाजण्यात बिघाड होत नाही, त्यामुळे रूपावरून ते नाकारू नका.

माउथपीस वेगळा लागत नाही. बी फ्लॅटचाच सीला बसतो, आणि निदान पहिले वर्षभर तोच ठेवावा म्हणजे ओठांना एकच बदल सोसावा लागेल.

पेठेतला बँडवाला

आमच्या घरी लग्नाच्या आणि गणपतीच्या बँडचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, म्हणून दुरुस्तीच्या अंगाने दोन शब्द लिहितो. मेरठला बनणारा ट्रम्पेट मिरवणुकीसाठी उत्तम आहे, उन्हापावसात टिकतो, आणि त्याला कोणी नावे ठेवलेली मला आवडत नाहीत. पण तो या कामाचा नव्हे.

जुने वाद्य पाहायला जाल तेव्हा लहान टॉर्च न्या. मुख्य स्लाइड काढून लीडपाइपच्या आत प्रकाश टाका. पितळेवर गुलाबी-तांबूस ठिपके आणि त्यांच्या मधोमध काळा बिंदू दिसला, तर पितळेतले जस्त निघून जाऊन नळी आतून सडू लागली आहे असे समजावे. त्यावर पॉलिश हा उपाय नाही, लीडपाइपच बदलावी लागते. मग व्हॉल्व न दाबता दुसऱ्या व्हॉल्वची स्लाइड झटकन ओढा. ‘टप्’ असा ठसठशीत आवाज आला म्हणजे हवा धरली जाते आहे. आवाज न येता स्लाइड निमूट बाहेर आली, तर पिस्टन झिजले आहेत, आणि त्यांना नव्याने मुलामा देऊन बसवणारा कारागीर मला पुण्यात माहीत नाही. घंटेवरचा पोचा आमच्याकडे निघतो. अडकलेली स्लाइडही निघते. व्हॉल्वच्या नळकांड्यावर पोचा असेल तर मात्र वाद्य परत ठेवा. आणि विसर्जनाच्या आधीच्या महिनाभरात कोणत्याही कारागिराकडे जाऊ नका, त्याला तेव्हा मान वर करायला सवड नसते.

मंद्रषड्ज

दोघांचेही मनापासून आभार. शिक्षकांना विचारले, अमेरिका आणि फ्रान्स हे दोन्ही यादीत आहेत, म्हणजे सी हवाच. परदेशातून मागवले तर किती भार पडेल? आणि वाद्य मिळेपर्यंत तयारी थांबवावी लागेल का?

पितळी सूर

मागवताना किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या एकूण रकमेवर सीमाशुल्क व त्यावर जीएसटी बसतो, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर नव्वद हजारांचे दिसणारे वाद्य दारात येईपर्यंत सव्वा लाखाची मर्यादा ओलांडू शकते. कुरियर कंपनीकडून आधी लेखी अंदाज घ्या. त्याहून मोठी अडचण म्हणजे ते वाजवून पाहता येत नाही. म्हणून आधी मुंबईत शोधा. २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात आहे, आणि त्यात बाहेरून येणारे वादकही असतात. त्यांच्या कार्यक्रमांच्या दिवसांत तुमच्या शिक्षकांमार्फत निरोप पाठवा. वाद्य विकायचे असेल असा कोणी भेटेल याची खात्री नाही, परंतु कोणाचा तरी सी ट्रम्पेट अर्धा तास वाजवायला मिळाला तरी पुढे जुने वाद्य पारखताना तुलनेसाठी कानात एक माप राहील. सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतता येते.

तयारी मुळीच थांबवू नका. सीसाठी लिहिलेला भाग बी फ्लॅटवर वाजवताना प्रत्येक स्वर एक पूर्ण स्वर वर वाचायचा असतो, आणि हा सराव पुढेही फुकट जात नाही. रावेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी बसवलेल्या ‘पिक्चर्स ॲट अॅन एग्झिबिशन’च्या आरंभीचा एकट्या ट्रम्पेटचा भाग सीसाठी आहे, तो आजपासून असा वाचा. उलट बेथोव्हेनच्या तिसऱ्या ‘लिओनोरे’ ओव्हर्चरमधली रंगमंचामागची तुतारी बी फ्लॅटसाठी लिहिलेली आहे, म्हणजे सी हातात आला की तीच एक स्वर खाली वाचावी लागेल. चाचणीच्या यादीत एफ, ई फ्लॅट आणि डीसाठी लिहिलेले भागही हमखास असतात. वाद्य कोणतेही असो, वाचनातून सुटका नाही.

वाद्य पाहायला जाल तेव्हा ट्यूनर मोबाइलवर ठेवा, पण स्वर वाजवताना त्याकडे पाहू नका. सोबत्याला आकडे लिहून घ्यायला सांगा, कारण काटा दिसला की ओठ आपोआप दुरुस्ती करतात. मधल्या सीपासून वरच्या सीपर्यंत प्रत्येक स्वर लांब धरा. ई आणि ई फ्लॅट नेहमीच्या आणि वर सांगितलेल्या बदललेल्या अशा दोन्ही प्रकारे वाजवा. नेहमीच्या बोटांनी वीस सेंटहून अधिक उतरत असेल आणि बदललेल्या बोटांनीही जागेवर येत नसेल, तर नाव कितीही मोठे असले तरी ते वाद्य घेऊ नका. विक्रेत्याला थोडी अनामत देऊन चार दिवस घरी नेण्याची विनंती करा आणि शिक्षकांसमोर एकदा पियानोच्या साथीने वाजवा. त्या चार दिवसांत काही मोडल्यास भरपाई कोणी करायची हे आधीच कागदावर लिहून घ्या.