सेन्सर शिकवायचा तर आधी पुठ्ठा की आधी किट?

खडूफळा: जुन्नर तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी सेन्सर शिकवताना थेट इलेक्ट्रॉनिक्सचं किट उघडलं होतं. चित्रात दाखवलंय तशी लाल वायर इथे, काळी तिथे. दिवा लागला, टाळ्या पडल्या. आठवड्यानं विचारलं, "एलडीआर काय करतो?" उत्तर आलं, "दिवा लावतो." ते उत्तर वर्षभर डोक्यातून गेलं नाही. एलडीआर हा उजेडाचा सेन्सर; उजेड कमीजास्त झाला की त्याचा रोध, म्हणजे वीज अडवण्याचं प्रमाण, बदलतो, बाकी सगळं सर्किटमधले पुढचे भाग करतात, एवढंही पोहोचलं नव्हतं.

म्हणून यंदा पहिले चार तास किटला हात लावला नाही. पुठ्ठा, सुतळी, रंगीत कागद दिले आणि विचारलं: घरी कोणाला कसली अडचण आहे, आणि ती यंत्राला कळायची तर त्याला नेमकं काय कळलं पाहिजे? एका गटानं गोठा केला, बिबट्या आला की भोंगा वाजणार. आमच्याकडे उसात बिबटे असतात, त्यामुळे ही मुलांची रोजची भीती आहे. एका मुलीनं नजर अधू झालेल्या आजोबांसाठी समोरचा अडथळा ओळखणारी काठी केली. माझं मत पक्कं झालंय, किट शेवटी यावं. तुम्हाला काय वाटतं?

ओहमचा चेला: ताई, तळमळ पटली, पद्धत नाही. पुठ्ठ्यावर मुलांनी 'बिबट्या सेन्सर' असंच लिहिलं असेल ना? तसा सेन्सर जगात नाही. सेन्सरला एखादी भौतिक राशी कळते: उजेड, तापमान, अंतर, दाब. 'बिबट्या' हा आपण काढलेला निष्कर्ष. गोठ्यात बसवायचा तो पीआयआर बहुधा, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर. त्याला फक्त समोरच्या अवरक्त किरणांतला बदल कळतो. गाय उठली तरी भोंगा, म्हातारी शेण काढायला गेली तरी भोंगा. पुठ्ठ्याचं यंत्र कधीच चुकत नाही, म्हणून त्यातून सेन्सर शिकता येत नाही. हा चित्रकलेचा तास झाला.

खडूफळा: 'बिबट्या सेन्सर' असंच लिहिलं होतं, खरंय. पण सर, गाय उठली तर काय, हा प्रश्न वर्गातच आला, दुसऱ्या गटातल्या मुलीकडून. मग पुठ्ठा फाडून सेन्सर गोठ्यातून कुंपणावर गेला, तोंड बाहेर. तिथे कुत्रंही येतं, म्हणून तो किती उंचीवर लावायचा यावर अर्धा तास भांडण चाललं. हे मी शिकवलं नव्हतं. आधी वायरी जोडल्या असत्या तर जोडलेलं मोडायला कोणी तयार झालं नसतं. पुठ्ठा फाडायला जीव तुटत नाही.

बांधावरून: पालक म्हणून लिहितो. मुलाच्या नादानं शेतात दोन काट्यांचा ओलाव्याचा सेन्सर खोचला. काही आठवड्यांत एक काटा खाऊन गेला आणि रान ओलं असताना तो कोरडं सांगायला लागला. सतत वीज सोडली की ओल्या मातीत विद्युत अपघटन होतं, म्हणजे विजेमुळे काट्याचा धातू झिजत जातो, हे मुलानंच शोधलं. आता मोजायच्या क्षणापुरतीच वीज देतो. पुठ्ठ्यावर हे कधी कळलं असतं? सर म्हणतात ते मला पटतं.

तिसरी घंटा: मला ताईंचं पटतं, कारण वेगळं आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण ज्या शाळांना ती नाही त्यांनी काय करायचं? पुठ्ठा सगळीकडे असतो. आणि आपल्या जवळ पाबळला विज्ञान आश्रम १९८३ पासून हातांनी काम करत शिकणं चालवतोय, तिथेही गावाची गरज आधी येते.

ओहमचा चेला: पाबळचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे खरी वस्तू बनते आणि ती वापरात टिकते की नाही हे दिसतं. पैशांचंही ऐका. एलडीआर काही रुपयांत येतो. त्याला रोध मोजणारा मल्टिमीटर लावा आणि मुलाला त्यावर तळहात धरू द्या. आकडा झरझर चढतो. ना कोड, ना किट. ही दहा मिनिटं पुठ्ठ्याच्या आधी द्या, म्हणजे 'दिवा लावतो' हे उत्तर येणार नाही.

आजोबांच्या काठीचंच घ्या. अल्ट्रासोनिक सेन्सर ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो, अंतराच्या सेंटीमीटरमागे जाऊन-येऊन साधारण ५८ मायक्रोसेकंद. भिंत छान दिसते. दोरीवर वाळत घातलेली साडी आवाज पिऊन टाकते, तिरका पत्रा तो भलतीकडे पाठवतो. आजोबा आदळणार ते नेमके तिथेच. त्या मुलीला हे कळायलाच हवं, तिचं काम खरं आहे म्हणूनच.

खडूफळा: साडीचं मला सुचलं नव्हतं. तळहाताची दहा मिनिटं पहिल्या तासाला घेते, ते मान्य. पण क्रम उलटा करणार नाही. त्या मुलीला ५८ मायक्रोसेकंद आधी सांगितले असते तर तिनं ते पाठ केले असते. आता आजोबा कशाकशाला धडकतात याची यादी ती घरून करून आणणार आहे, आणि प्रत्येक वस्तूसमोर सेन्सर धरून आकडा लिहिणार आहे.

ओहमचा चेला: क्रमाबद्दल माझं मत तेच आहे. पण ती यादी झाली की इथे टाका. प्रत्येक वस्तू सरळ आणि तिरकी अशी दोनदा मोजायला सांगा, आणि जिथे आकडाच येत नाही तो रकाना कोरा ठेवू देऊ नका, तिथे 'दिसली नाही' असं लिहायला लावा.