मांसाहारी हॉटेलात शाकाहारी आणि व्हीगन ताट: भटारखान्यातले अनुभव लिहा

श्रावण तोंडावर आला की खानावळींच्या पाट्यांवर ‘शाकाहारी थाळी मिळेल’ ही ओळ वाढते. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे तर बाराही महिने असतात. सहा जणांच्या टोळक्यात एक शाकाहारी असला तर हॉटेल बहुधा त्याच्याच सोयीचं निवडलं जातं. त्यामुळे मिश्र हॉटेलाने शाकाहारी पदार्थ ठेवावेत का, हा वाद गिऱ्हाइकांनीच निकालात काढला आहे. व्हीगन, म्हणजे दूध, तूप, मध यांसकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं, जेवण मागणाऱ्याला मात्र अजून ‘सॅलड देऊ का?’ असंच ऐकावं लागतं.

भटारखाना सांभाळणाऱ्यांनी, केटरिंग करणाऱ्यांनी, मेनू बसवणाऱ्यांनी इथे लिहावं. ‘अमुक हॉटेल बेस्ट’ हे नको. काय करावं लागतं, किती लागतं आणि घोळ कुठे होतो ते हवं.

भटारी, पुणे

निम्मा घोळ बेस ग्रेव्हीच्या पातेल्यात असतो. सकाळी लाल, पांढरी आणि तपकिरी ग्रेव्ही करून ठेवतात. रात्री गर्दीच्या वेळी त्याच पातेल्यांतून पनीर मसालाही निघतो आणि चिकन मसालाही. लाल ग्रेव्हीत सकाळीच लोणी पडलं की त्या पातेल्यातून व्हीगन काही निघणं संपलं. चिकनच्या कढईत बुडालेला डाव परत पातेल्यात गेला की शाकाहारीही संपलं.

बेस फक्त तेलात करावा. ३ किलो कांदा, ३ किलो टोमॅटो, आलं-लसूण मिळून ३०० ग्रॅम आणि अर्धा लिटर तेल घेतलं तर आटून साधारण ४ लिटर ग्रेव्ही होते. लोणी, क्रीम, दही, काजू, स्टॉक, जे घालायचं ते ऑर्डर आल्यावर कढईत. पातेल्यातला डाव पातेल्यातच राहतो. तो वरून उपडा करायचा, कढईला टेकवायचा नाही. नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवावं.

तंदूर एकच असेल तर तो मिश्रच आहे, हे मान्य करून टाकावं. कोंबडीची चरबी निखाऱ्यावर गळते आणि तो धूर पनीरला लागतो. शिगा वेगळ्या ठेवता येतात, त्यांच्या मुठीला हिरवी पट्टी लावता येते. पण लोणी लावायचा ब्रश दोन्हीकडे फिरतो आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. अर्धवट शिजलेल्या चिकनवरून तो पनीरवर गेला तर प्रश्न नेमधर्मापुरता राहत नाही, पोट बिघडतं. अशा ठिकाणी पनीर टिक्का सरळ तव्यावर करावा आणि मेनूतही ‘तवा पनीर टिक्का’ असंच लिहावं. चॉपिंग बोर्ड हिरवा भाजीला, लाल कच्च्या मटण-चिकनला, निळा मासळीला. सुऱ्यांच्या मुठींनाही तेच रंग.

तळणीवाला, ठाणे

वरच्या प्रतिसादात तळणीचं तेल राहिलं. बोंबील तळलेल्या तेलात कांदाभजी तळली तर ती शाकाहारी नाही, आणि वास लपत नाही. मोठा फ्रायर एकच असला तर २-३ लिटरची लहान कढई फक्त भाजी-पापडासाठी ठेवावी, झाराही वेगळा. तेलाची वाट एकाच दिशेची: भाजीच्या कढईतलं तेल दिवसअखेर मासळीच्या कढईत जाऊ शकतं, उलट कधीच नाही. एफएसएसएआयच्या (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल टाकायचं. मीटर नसेल तर फेस बसत नाही, धूर लवकर येतो, तेल चिकट वाटतं, या खुणा पाहाव्यात. मासळीच्या पिठाचा चुरा तळाशी जळून तेल लवकर खराब होतं. वेगळी कढई त्या हिशेबानेही परवडते.

कोकम_तिरफळ, सिंधुदुर्ग

मालवणी खानावळीत शाकाहारी गिऱ्हाइकाला पनीर देतात, हे मला कधी पटलेलं नाही. काळ्या वाटाण्याची आमटी, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, वालाचं बिरडं, सोलकढी, तांदळाची भाकरी: हे सगळं शाकाहारी आहेच, बहुतेक व्हीगनही आहे. हिशेबाने पाहिलं तरी एका प्लेटला पनीर १००-१२० ग्रॅम लागतं, काळे वाटाणे कोरडे ६० ग्रॅम पुरतात, भिजून-शिजून दुपटीच्या वर जातात. ८-१० तास भिजवणं मात्र चुकवता येत नाही. कमी भिजलेला वाटाणा कितीही शिट्ट्या दिल्या तरी आतून गच्च राहतो. मग कुणी सोडा घालतं आणि सालं सुटून आमटीचा लगदा होतो.

सोलकढीसाठी एका नारळाला १०-१२ आमसुलं, कपभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून. खोबरं कोमट पाण्यात वाटून रस पिळायचा आणि दोन्ही गार झाल्यावर एकत्र करायचे. गरम केली की फुटते. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

घोळ होतो तो वाटणाच्या भांड्यात. भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचं वाटण मासळीला आणि उसळीला एकच असतं, त्यात गैर काही नाही. पण मासळीच्या टोपातला चमचा त्यात परत जातो. सकाळीच वाटणाचे दोन डबे करावेत. शाकाहारी डबा चुलीपासून लांब ठेवावा, म्हणजे घाईत हात तिकडे जात नाही.

तिखटजाळ

@कोकम_तिरफळ, एक भर. कोकणात वांगं, दोडकं यांच्या भाजीत जवळा (बारीक सुकी कोळंबी) घालायची रीत आहे. वाढणाऱ्याच्या लेखी ती ‘भाजी’च असते. ‘भाजी शाकाहारी आहे ना?’ याला होकार मिळतो. ‘जवळा, सुकट काही आहे का?’ असं विचारलं की खरं कळतं.

सासष्टीकर, मडगाव

गोव्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलांत व्हीगन म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठी स्मूदी बोल, असा समज आहे. खतखतें पाहा: भाज्या, तूरडाळ, खोबरं, तिरफळ. अळसांद्यांचं तोणक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी), सान्ना (इडलीसारखा पदार्थ), पोई (गोव्याचा पाव) हेही परंपरेने दूध-तुपाशिवायच होतात. गोडात दोदोल: तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ. बिबिंकेत (थरांच्या गोव्याच्या केकमध्ये) अंडी आणि तूप दोन्ही असतं, ती शाकाहारी म्हणून वाढणं चूकच.

मसाल्यांत बालशांव (गोव्याचा आंबट-तिखट मसाला) सांभाळावा, त्याच्या वाटणातच सुकी सुंगटं (कोळंबी) असतात. ‘व्हेज बालशांव’ लिहायचा तर वाटण मुळापासून वेगळं करावं लागतं. तयार बाटलीतला मसाला वापरणार असाल तर घटक वाचा.

इंडो-चायनीज काउंटर, नाशिक

थोडक्यात यादी देतो. ऑयस्टर सॉस शिंपल्यांचा. वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासा. थाय करी पेस्टमध्ये बहुधा सुकी कोळंबी. हक्का नूडल्स अंडं घातलेलेही मिळतात, पाकीट बघून घ्यावेत. मांचाव सूप ‘व्हेज’ म्हणून जातं आणि त्यात चमचाभर चिकन पावडर पडते, कारण भटाऱ्याच्या दृष्टीने ती ‘चवीची पावडर’ असते. ही पावडर मिश्र काउंटरवर ठेवूच नये. वाळवलेले मशरूम, कांदापात आणि आल्याच्या साली पाण्यात ४० मिनिटं मंद उकळून स्टॉक करावा आणि तोच सगळ्या सुपांना वापरावा. मांसाहारी सुपात चिकन वरून पडतंच.

केटरर, डोंबिवली

व्हीगनबद्दल विस्ताराने लिहिते, कारण इथे साहित्यापेक्षा हाताची सवय जास्त आड येते. मराठी ताटातले निम्मे पदार्थ शिजताना व्हीगन असतात आणि वाढताना बिघडतात. वरणावर तूप, थालीपिठावर लोणी, पोळीला तुपाचं बोट, मिसळीवर दही. पिठलं, झुणका, भरली वांगी, अळूवडी, कोथिंबीरवडी, बटाटेवडा यांत बदल करायचं काही नाही. पावात दुधाची पावडर असू शकते, बेकरीवाल्याला विचारावं. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं, कधी अंडंही; त्याऐवजी भाकरी किंवा लोणी न लावलेली तंदुरी रोटी द्यावी.

क्रीमऐवजी काजू: १०० ग्रॅम काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून २५० मिली पाण्यात अगदी गुळगुळीत वाटायचे. निम्मा मगज (कलिंगड-खरबुजाच्या बियांचा गर) घातला तर खर्च उतरतो, पण रवाळपणा राहतो, म्हणून गाळावं. ही पेस्ट लवकर घातली तर तळाला लागते. शेवटची तीन-चार मिनिटं, मंद आंच, आणि हाताशी गरम पाणी. नारळाचं दूधही शेवटीच. खळाखळा उकळलं की फुटतं.

टोफू पनीरसारखा वागत नाही. २० मिनिटं वजनाखाली दाबून पाणी काढावं, मग मिठाच्या गरम पाण्यात १५ मिनिटं ठेवावा, पुसून थोड्या तेलात परतावा आणि ग्रेव्हीत अगदी शेवटी सोडावा. आधी सोडला तर डावाने त्याचा चुरा होतो.

शेंगदाण्याचं दही: १ वाटी दाणे ८ तास भिजवून सालं काढायची, ३-४ वाट्या पाण्यात वाटून गाळायचं, ढवळत १० मिनिटं उकळायचं. कोमट झाल्यावर पहिल्या विरजणाला हिरव्या मिरचीचे ५-६ देठ. ८-१० तासांत लागतं. वर पाणी सुटतं ते काढून घ्यावं. कोशिंबिरीला आणि मठ्ठ्याला चालतं. कढीला नको, फार फुटतं.

सोया दूध गरम कॉफीत फाटतं, कारण कॉफी आंबट असते. दूध आधी वेगळं गरम करावं आणि कॉफी त्यात हळूहळू ओतावी. चहात गॅस बंद केल्यावरच घालावं.

लंडनहून

वरच्या काजू क्रीमला जोडून. इथे ज्या १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं हॉटेलांना बंधनकारक आहे त्यांत दूध, अंडं, काजू-बदाम, शेंगदाणे, सोया, तीळ, मोहरी हे सगळं येतं. दूध काढून काजू घातला की पदार्थ व्हीगन होतो, पण काजूची ॲलर्जी असलेल्याला धोका वाढतो. उलट, ‘व्हीगन’ वाचून दुधाची ॲलर्जी असलेला माणूस निर्धास्त होतो. तेही चूक: त्याच फ्रायरमध्ये पनीर पकोडा तळला असेल तर दुधाचा अंश असणारच. इथे ‘व्हीगन’ या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही. म्हणून मेनूवर दोन वेगळ्या खुणा लागतात, एक व्हीगनची आणि एक ॲलर्जीची. वडापावच्या सुक्या चटणीत दाणे आणि तीळ दोन्ही असतात, तिच्यापुढे खूण आधी करावी.

लेबलवाली

भारतातलं सांगते. पाकिटावर शाकाहारासाठी हिरव्या चौकोनात हिरवा गोल. मांसाहाराचा तपकिरी गोल २०२० च्या नियमांपासून त्रिकोण झाला, म्हणजे रंगांधळ्या माणसालाही आकारावरून कळावं. व्हीगनचे वेगळे नियम २०२२ चे, त्यांचं चिन्ह हिरव्या चौकोनातला इंग्रजी व्ही आणि वर पान. घटकांबरोबर एन्झाइम, फ्लेवर आणि प्रक्रियेत वापरलेले पदार्थही प्राणिजन्य नसावेत, अशी अट आहे. चटण्या, मसाले पाकिटात विकणाऱ्या हॉटेलांनी ते चिन्ह मनाने छापू नये.

हिरवा गोल म्हणजे दूध नाही, असं नव्हे. तूप-पनीर हिरव्यातच येतं.

फराळवाला, दादर

जैन, उपवास, व्हीगन हे तिन्ही एका डब्यात कोंबू नका. जैन ताटात पनीर चालतं, कांदा-लसूण-बटाटा नाही. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी. उपवासाला तूप चालतं, उलट बरेच जण तेच मागतात. शेंगदाणा तेलात केलेली साबुदाण्याची खिचडी उपवासालाही चालते आणि व्हीगनही असते. मध व्हीगनांना चालत नाही आणि जैन परंपरेतही वर्ज्य, म्हणून लिंबू-मध पाण्यात गूळ वापरला की दोन्हीकडचा प्रश्न मिटतो.

आठ टेबलं, सांगली

थोडा विरोध नोंदवतो. एक चूल, एक भटारी आणि मटणाचा रस्सा हीच ओळख असलेल्या खानावळीने ‘शुद्ध शाकाहारी मिळेल’ अशी पाटी लावू नये. ‘शाकाहारी पदार्थ मिळतील, भांडी व चूल एकच’ एवढं लिहावं. ज्याला चालतं तो बसतो, ज्याला नाही तो पुढे जातो, भांडण होत नाही. आणि दहा पदार्थ ठेवू नयेत. आमच्या भागातला अख्खा मसूर, एक पातळ भाजी, भाकरी, ठेचा, बास. मसूर सकाळी मटणाचं भांडं चुलीवर चढायच्या आधी करून झाकून ठेवावा. तांबडा रस्सा शाकाहारी हवा असेल तर तो सुकं खोबरं, तीळ, खसखस वाटून वेगळा करावा लागतो. मटणाच्या रश्श्यातले तुकडे काढून उरलेला रस्सा ‘व्हेज’ होत नाही, हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

कॅप्टन, नवी मुंबई

वेटरला ‘व्हीगन’ शब्द पाठ असून भागत नाही. ‘मॅडम, बटर अजिबात नाही, साजूक तुपात केलंय’ हे उत्तर मनापासून दिलेलं असतं. ऑर्डर घेताना सहा नावं उच्चारून विचारावं: दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध. केओटीवरही (भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवरही) ‘व्हीगन’ असं न लिहिता ‘तूप नको, लोणी नको, दही नको, क्रीम नको’ असं लिहावं, भटारी तेच वाचतो. आणि ती चिठ्ठी कढईपाशी तर लावावीच, दुसरी प्रत ताट सजवणाऱ्यासमोरही लावावी. कोथिंबीर भुरभुरवणारा हात सवयीने तुपाची चमचीही उचलतो, आणि तोवर कढईवाल्याची चिठ्ठी कचऱ्यात गेलेली असते.