न्येरेरे प्रामाणिक होते, म्हणून उजामाचा हिशेब मागायचाच नाही का?

सह्यकडा (धागालेखक)

स्वातंत्र्योत्तर आफ्रिकेतील नेत्यांपैकी टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी स्वतःसाठी काहीही जमवले नाही, त्यामुळे टांझानियाच्या दुरवस्थेचा दोष त्यांच्या माथी मारणे हा कृतघ्नपणा आहे, असे एका सदस्याने नुकतेच लिहिले. ते वाचून मी अस्वस्थ झालो, म्हणून हे सविस्तर उत्तर. झाईरचे (आताचे काँगो) हुकूमशहा मोबुटू यांनी देश लुटला आणि न्येरेरेंनी लुटला नाही, हे मान्यच आहे. पण ज्याने तिजोरीला हात लावला नाही, त्याच्या धोरणांचा, विशेषतः उजामाचा, म्हणजे शेतकऱ्यांना सामायिक शेतीच्या गावांत वसवण्याच्या समाजवादी धोरणाचा, हिशेब मागू नये, हा कुठला न्याय?

दक्षिण टांझानियातील रुवुमाचे उदाहरण घ्या. तेथे लिटोवा आणि आसपासच्या गावांतील शेतकरी साठच्या दशकात स्वतःहून एकत्र आले, सामायिक शेती करू लागले, त्यांनी स्वतःची शाळा चालवली आणि निर्णय गावसभेत घेतले. उजामा म्हणून न्येरेरे जे सांगत होते, ते या माणसांनी आधीच उभे केले होते. १९६९ मध्ये सत्ताधारी टानू पक्षाने त्यांची संघटना बरखास्त केली, कारण ती पक्षाच्या हाताबाहेर होती, आणि न्येरेरेंनी ते होऊ दिले. उजामा गावात कोणालाही बळजबरीने नेता येणार नाही, असे त्यांनीच १९६८ मध्ये लिहिले होते. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र गावात राहणे हा आदेश ठरला. लाखो शेतकरी हलवले गेले, कित्येक ठिकाणी परत फिरू नये म्हणून जुन्या झोपड्या जाळल्या गेल्या, आणि नवी गावे रस्त्याच्या सोयीने वसवल्यामुळे शेते दूर राहिली.

वैशाखी

आपण दुष्काळ आणि १९७३ मधील तेलाची दरवाढ सोयीस्करपणे वगळलीत. शंभराहून अधिक जमातींच्या देशात स्वाहिली रुजवून न्येरेरेंनी जे ऐक्य घडवले, त्याची किंमत शेजारच्या केनियातील २००७-०८ चा निवडणुकीनंतरचा हिंसाचार पाहिला की कळते. मोझांबिकपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या मुक्तिलढ्यांना तेव्हाची राजधानी दार-ए-सलामने आसरा दिला, आणि तोही गरीब देशाच्या खिशातून. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्याविरुद्धच्या युद्धाचा भारही त्यांनीच सोसला.

पूर्वकिनारा

ऐक्याच्या गोष्टी आम्हाला सांगू नका. माझ्या सासऱ्यांचे घराणे मूळचे मडगावचे. त्यांच्या वडिलांनी दार-ए-सलाममध्ये पन्नासच्या दशकात कर्ज काढून दुमजली इमारत बांधली, खालचा मजला भाड्याने दिला आणि त्या भाड्यावर मुले शिकवली. १९७१ च्या कायद्याने एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या भाड्याच्या इमारती सरकारजमा झाल्या आणि दहा वर्षांहून जुन्या इमारतीला भरपाई मिळाली नाही. पुढे कुटुंब टोरांटोला गेले. सासरे आजही त्या जिन्याच्या पायऱ्यांबद्दल बोलतात.

वैशाखी

धागा शेतकऱ्यांचा आहे, घरमालकांचा नाही. त्या कायद्याच्या मजकुरात वंशाचा उल्लेख नव्हता, आणि समाजवादाचे धोरण मांडणाऱ्या १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्याने पक्षाच्या व सरकारच्या नेत्यांना भाड्याची घरे ठेवण्यास आधीच मनाई केली होती. अमीनने १९७२ मध्ये युगांडातील आशियाई लोकांना देशाबाहेर काढले. त्या काळात भारतीय वंशाचे अमीर जमाल टांझानियाच्या मंत्रिमंडळात होते. हे दोन प्रसंग एका पंक्तीत बसवू नका.

पूर्वकिनारा

मी अमीनचे नावही काढलेले नाही, आपणच काढलेत. कायद्यात वंश लिहिलेला नव्हता, पण कोणाची घरे जाणार हे शहरात प्रत्येकाला ठाऊक होते. मंत्रिमंडळात आमचा एक माणूस बसला म्हणून आयुष्यभराची कमाई गेलेल्याने गप्प बसावे, हे आपल्या घराबाबत घडले असते तर आपण मानले असते का?

सह्यकडा

मी घरमालकांचा कैवारी नाही. तरीही पूर्वकिनारा यांचे दुःख आणि रुवुमाच्या शेतकऱ्यांचे दुःख मला एकाच ठिकाणाहून निघालेले दिसते. १९६५ पासून कायद्याने एकच पक्ष, १९६२ पासून विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा, आणि अब्दुलरहमान बाबूंसारखा माजी मंत्री १९७२ ते १९७८ तुरुंगात. धोरण चुकते आहे हे सांगणार कोण? दुष्काळ आणि तेल यांनी संकट वाढवले, हे वैशाखी यांचे म्हणणे मी स्वीकारतो. पण दुष्काळाने झोपड्या जाळल्या नाहीत.

वैशाखी

रुवुमाबाबत माझ्याकडे बचाव नाही, एवढे नाइलाजाने लिहिते. मात्र १९८५ मध्ये त्यांनी स्वेच्छेने राष्ट्राध्यक्षपद सोडले आणि अली हसन म्विन्यी यांच्याकडे सत्ता शांतपणे गेली, हे त्या काळातील आफ्रिकेत किती दुर्मीळ होते याचा एकही शब्द आपल्या लेखात का नाही?

सह्यकडा

कारण पक्षाचे अध्यक्षपद त्यांनी १९९० पर्यंत सोडले नव्हते, आणि त्या राज्यात पक्ष सरकारच्या वर होता. पद सोडण्याचे श्रेय मी त्यांना देतो. पूर्ण पाच वर्षे उशिरा देतो.