मदत हवी आहे: घरच्या बातम्या सगळ्यांपर्यंत कशा पोचवता?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात, महाल भागात राहतो. बाकी गोतावळा पांगलेला: काका-काकू पुण्यात, आत्या मेलबर्नला, दादा न्यू जर्सीत. व्हॉट्सॲपवर घरचा ग्रुप आहे, पण गुलाबावरचे सुप्रभात आणि गुडघेदुखीचे रामबाण उपाय एवढे, की काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्याला पट्टी निघाल्यावर कळलं. रुसवा अजून चालू आहे.

फोन करावा तर घड्याळ आडवं येतं. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा दादाकडे सकाळचे साडेनऊ, तो ऑफिसात. आत्याकडे मध्यरात्रीनंतरचा दीड.

फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा वेगळा ग्रुप काढायचा विचार आहे. पण मग आईला ॲडमिन करावं लागेल, कारण खऱ्या बातम्या तिच्याचकडे. ती टाइप करत नाही, बोलून पाठवते: तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पोरानं लाकडी नंदीला गॉगल लावला, सांडगे वाळत घातले अन् नेमका पाऊस आला बाप्पा, असं सगळं. आणि तिला केलं की काकाही मागणार. सुप्रभातवाले तेच!

आजीकडे फोनच नाही. तिला महिन्याला ठळक अक्षरात छापून द्यायचंय. जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) मराठीत बोलून टाइप होतं, पण आधीच आलेल्या रेकॉर्डिंगचं काय? आईच्या वऱ्हाडी वळणाला समजून घेणारं, फुकटातलं काही कोणी वापरलंय का? आणि काकांना न दुखवता कसं वगळायचं, तेही सांगा.